‘हे तर माहीतच आहे’ वाटणाऱ्या विषयात मार्क का अडतात?

नागपूर जिल्ह्यातल्याच एका गावातून शहरात शिकायला आलेल्या मुलीचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: बी.ए.ला समाजशास्त्र घेतलं, कारण मैत्रिणींनी तेच घेतलं. वर्गात कुटुंब, विवाह, जात, संस्कृती शिकवतात, आणि ते सगळं आधीच माहीत असल्यासारखं वाटतं. सीताबर्डीच्या बाजारातून आणलेलं गाइड दोनदा वाचून होतं. तरी पहिल्या वर्षाच्या दोन्ही सत्रांत मार्क पन्नासच्या आसपासच. चांगली पुस्तकं विचारावीत तर ती इंग्रजीत. घरी वडील म्हणतात, या विषयानं होणार काय, बदलून टाक. तर बदलू का? आणि नाही बदलला तर अभ्यास कसा करू?

मी २७ वर्षं नागपुरात पदवीच्या वर्गांना हा विषय शिकवते आहे. त्यातली पहिली नऊ तासिका तत्त्वावर, म्हणजे जितके तास तितके पैसे अशी गेली, सकाळी एका कॉलेजात आणि दुपारी दुसऱ्या, मध्ये स्कूटीवर. वर्गात मी कुणालाच अहो-जाहो करत नाही, म्हणून इथेही ‘तू’च म्हणते. राग मानू नकोस.

तू तीन गोष्टी विचारल्या आहेस: मार्क, इंग्रजी आणि पुढे काय. माझं लक्ष मात्र चौथ्याच वाक्यावर अडकलं, जे तू सहज लिहून गेलीस: ‘आधीच माहीत असल्यासारखं वाटतं’. खरी गोम तिथे आहे. रसायनशास्त्राच्या पोरीला पहिल्याच दिवशी कळतं की तिला काही येत नाही. आपल्या विषयात ते कळायलाच दीड-दोन वर्षं जातात, आणि काहींची डिग्री होऊन जाते तरी कळत नाही.

दरवर्षी पहिल्या महिन्यात मी वर्गात एक प्रश्न टाकते: मामाच्या मुलीशी लग्न चालतं का? आपल्या मराठी पोरी हसतात. कुणाच्या आजोबांचं झालेलं असतं, कुणाच्या काकाचं. ‘चालतं की मॅडम, पहिला हक्कच असतो.’ मग मागच्या बाकावरून एखादी, जिचं घर मूळचं उत्तर प्रदेशातलं किंवा मध्य प्रदेशातलं आहे, ती अक्षरशः तोंड वाकडं करते. ‘छी मॅडम, बहन है वो!’ वर्गात गलका. एका वर्षी हा गलका चालू असताना एक तेलुगू घरातली मुलगी शांतपणे म्हणाली, आमच्यात मामाशीच लग्न होतं, माझ्या आईचं तसंच झालंय. आता तोंड वाकडं करायची पाळी मराठी पोरींची. एकजण तर उभीच राहिली, ‘अहो पण मामा तर नवरीला बोहल्यावर आणतो!’

मग मी विचारते, आत्याच्या मुलीशी चालेल का? मराठी पोरं म्हणतात, नाही, ते उलटं होतं. का उलटं? मामाची चालते तर आत्याची का नाही? रक्ताचं नातं दोन्हीकडे सारखंच. वर्ग गप्प होतो. त्या गप्प होण्यापासून आपला विषय सुरू होतो.

मानवशास्त्रज्ञ इरावती कर्व्यांनी भारतातल्या नातेसंबंधांचे चार पट्टे मांडले, उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व. त्यांचा तो ग्रंथ १९५३चा. महाराष्ट्र मधल्या पट्ट्यात येतो, उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या चालीरीतींच्या सांध्यावर. उत्तरेत मामाची, आत्याची, सगळीच भावंडं बहीण-भाऊ. दक्षिणेत मामा-भाचीसुद्धा. आपल्याकडे मामाची मुलगी चालते, पण ज्या घरात आपली मुलगी दिली त्या घरातून सून आणायची नाही. मुलगी एकाच दिशेनं जायची. नागपूर बसलंय बरोबर या सांध्यावर, म्हणून माझ्या पन्नास पोरांच्या वर्गात हे तिन्ही पट्टे एका वेळी हजर असतात. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यालाही याची दखल घ्यावी लागली. जवळच्या नात्यातलं लग्न त्यानं वर्ज्य ठरवलं, पण दोन्ही घरांत तशी रूढी असेल तर सूट ठेवली.

आता बघ, तिन्ही मुलींना आपापलं उत्तर ‘माहीतच’ होतं. तिघींनाही ते निसर्गाचं वाटत होतं. ते कुठून आलं, कुणी शिकवलं, त्यातून कुणाचं काय साधतं, हे एकीलाही माहीत नव्हतं. तुला कुटुंबाबद्दल जे माहीत आहे ते तुझ्या कुटुंबाबद्दल माहीत आहे. परीक्षक मार्क देतो ते या दोन्हींतलं अंतर ओळखल्याबद्दल.

मार्कांकडे वळते. तुझी उत्तरपत्रिका मी पाहिलेली नाही, पण तुझ्यासारख्या हजारो तपासल्यात. ‘ऑगस्ट कॉम्त यांनी १८३८ साली समाजशास्त्र ही संज्ञा प्रथम वापरली’ हे वाक्य मी झोपेतही ओळखीन. ते बरोबर आहे, आणि त्यानं कुणाचं काही बिघडत नाही, पण विवाहाच्या प्रश्नातही उत्तराची सुरुवात त्यानंच झाली की तपासणाऱ्याचा पेन सैल पडतो. नमुना म्हणून नेहमीचा प्रश्न घे, ‘जातिव्यवस्थेतील बदल स्पष्ट करा’. शंभरात पन्नासवर अडणारं उत्तर साधारण असं असतं: पूर्वी जातीयता फार होती, आता शिक्षणामुळे, शहरीकरणामुळे ती कमी झाली, लोक एकत्र जेवतात, आंतरजातीय विवाह होतात, तरी खेड्यांत अजून आहे. यात चूक काहीच नाही. पण हे उत्तर पानठेल्यावर उभा असलेला कुणीही देईल, त्याला बी.ए. कशाला हवं?

हाच प्रश्न असा सोडव. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी १९३२च्या पुस्तकात जातीची सहा लक्षणं सांगितली. समाजाचे खंड पडणं, उतरंड, खाण्यापिण्यावरची आणि वागणुकीवरची बंधनं, काहींना अधिकार तर काहींवर मज्जाव, व्यवसाय निवडायची मुभा नसणं आणि लग्नावरची बंधनं. गाइडमध्ये ही यादी आहेच, तुला पाठही असेल. पण पोरं ती लिहितात आणि पुढच्या परिच्छेदात विसरून जातात. तू ती फूटपट्टी म्हणून वापर. ‘जात बदलली का’ असं एकदम विचारू नकोस. सहांपैकी कुठलं लक्षण किती बदललं, ते एकेक करून बघ.

खाण्याचं घे. सावजी भोजनालयात शनिवारी रात्री कोण कोण बसलेलं असतं? हे जेवण मुळात हलबा-कोष्टी घरांतलं, विणकरांचं. आज तिथे सगळ्या जातींची माणसं मांडीला मांडी लावून तर्री ओरपतात आणि कुणी कुणाची जात विचारत नाही. म्हणजे हे बंधन बरंच सैल झालं, निदान घराबाहेर. घरात पाण्याचा ग्लास कुणाला कुठला देतात, तो वेगळा तास. मग व्यवसाय. कोष्टी विणकर होते, मग १ जानेवारी १८७७ला नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली आणि कापड कारखान्यात विणलं जाऊ लागलं. पुढे मिलही बंद पडली, तिच्या जागेवर मॉल उभा राहिला. विणकराचा नातू त्याच मॉलमध्ये गार्ड असू शकतो, बुटीबोरीच्या कारखान्यांत कामगार असू शकतो किंवा इंजिनिअरही. जात आणि धंदा यांची गाठ सुटली. ती कुणाच्या मनपरिवर्तनानं सुटली की यंत्रानं आणि बाजारानं, याचा विचार कर, दोन ओळी लिही. आणि शेवटी लग्न. इथे येऊन उत्तराची गाडी थांबते.

इथे माझ्या एका विद्यार्थिनीचं काम सांगते, कारण त्यानं माझंही डोकं ताळ्यावर आणलं. तृतीय वर्षाच्या प्रकल्पासाठी तिनं आपल्या कॉलनीतल्या चाळीस घरांत प्रश्नावली फिरवली. पहिला प्रश्न, ‘आपण जात मानता का?’ एकूण एक घरांनी ‘नाही’ वर टिक केली. ती खूश होऊन आली. मी म्हटलं, परत जा, हा प्रश्न खोड आणि दुसरा विचार: तुमच्या घरात आणि भावकीत झालेली शेवटची पाच लग्नं सांगा, सून कुठल्या गावची, स्थळ कुणी आणलं, कुठल्या समाजातलं. ती गेली. लोकांनी चहा पाजून, अल्बम काढून सांगितलं, कारण लग्नाबद्दल बोलायला कुणाला आवडत नाही? परत आली तेव्हा तिच्याकडे जवळपास दोनशे लग्नांची यादी होती आणि जातीबाहेरची तिनं बोटांवर मोजून दाखवली. दोन्ही हातांची बोटंसुद्धा लागली नाहीत. तीच घरं, तीच माणसं. पहिल्या वेळी ती खोटं बोलत होती का? मला नाही वाटत. ‘मानता का’ विचारलं की माणूस स्वतःबद्दलचं मत सांगतो. पाच लग्नं विचारली की घर काय करतं ते कळतं.

आता डॉ. आंबेडकरांकडे ये. १९१६ साली, पंचविशीत असताना, कोलंबिया विद्यापीठातल्या परिसंवादात त्यांनी जातीवर निबंध वाचला. त्यात त्यांनी जातीच्या बाकी लक्षणांना बाजूला सारून एकाच गोष्टीवर बोट ठेवलं: जातीतच लग्न. बाकी सगळं सैल झालं तरी हे टिकलं की जात टिकली. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह या प्रथाही त्यांनी याच नियमाशी जोडल्या, कारण जातीतल्या जातीत स्त्री-पुरुषांची संख्या जुळवत ठेवणं ही त्या बंद वर्तुळाची गरज. घुर्ये सहा लक्षणं सांगतात, आंबेडकर म्हणतात त्यातलं हे एक मुळाचं. दोघांना समोरासमोर ठेव, मध्ये सावजी, मिल आणि ती दोनशे लग्नं ठेव. झालं उत्तर. दीक्षाभूमीला तू गेली असशीलच, पण त्या शहरातली समाजशास्त्राची पोरं १९१६चा हा निबंध न वाचता पदवीधर होतात, याचं मला वाईट वाटतं. आम्हा शिकवणाऱ्यांचाही दोष आहेच त्यात.

दुसरा धडा जरा जड आहे, पण विदर्भातल्या विद्यार्थ्याला तो टाळता येत नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दर्खाइम याचं आत्महत्येवरचं पुस्तक १८९७चं. गाइडात चार प्रकार असतात, आत्मकेंद्री (समाजाशी धागे सैल पडल्यानं), परार्थी (समाजात पुरतं विरघळल्यानं), नियमहीनतेतून होणारी आणि अतिनियमनातून होणारी. पोरं चार प्रकार लिहितात आणि उदाहरण म्हणून यवतमाळचा शेतकरी तिसऱ्यात टाकून मोकळी होतात. मीही माझ्या बी.ए.च्या पेपरात तेच केलं होतं, वर ‘म्हणून आत्महत्या करू नये’ असा उपदेशही लिहिला होता. तेव्हा मला कळलं नव्हतं की दर्खाइम एका माणसानं जीव का दिला हे विचारतच नाही. त्याचा प्रश्न दराचा आहे. अमुक समाजात दर वर्षी लाखामागे जवळपास तितकीच माणसं का जातात, प्रोटेस्टंटांमध्ये कॅथलिकांपेक्षा जास्त का, अविवाहितांमध्ये विवाहितांपेक्षा जास्त का? माणसं बदलतात, दर फारसा बदलत नाही, म्हणजे कारण माणसाच्या बाहेर, समाजाच्या घडणीत शोधायला हवं. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे अर्धे सिद्धान्त सोपे जातात.

आणि मग यावर उलट प्रश्नही विचारायचा, तो तुला गाइडात मिळणार नाही. आकडा येतो कुठून? दर्खाइमनं सरकारी आकडे वापरले, आणि पुढच्या अभ्यासकांनी त्याला तिथेच धरलं: कुठला मृत्यू आत्महत्या म्हणून नोंदवायचा हे कुणीतरी ठरवत असतं. आपल्याकडे बघ. शेतकऱ्यानं जीव दिला तर कुटुंबाला १ लाख रुपयांची मदत मिळते, पण आधी जिल्ह्याची समिती प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरवते. सातबारा नावावर आहे का, कर्ज बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं आहे का, वसुलीचा तगादा होता का. ठेक्यानं शेती करणारा यात कुठे बसतो? नवऱ्याच्या नावच्या शेतात आयुष्यभर राबलेली बाई शेतकरी ठरते का? सातबाऱ्यावर तिचं नावच नसतं. तू गावची आहेस, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल. दर्खाइम समजावून सांगून मग आकडा कसा घडतो हे अर्ध्या पानात लिहिलंस, तर तपासणारा दुपारच्या चहाला उठता उठता परत बसेल.

इतका वेळ मी एकच गोष्ट फिरवून सांगते आहे: पुस्तकातली संकल्पना आणि डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट, दोन्ही एकाच पानावर यायला हव्यात. नुसती संकल्पना म्हणजे गाइड, नुसतं पाहिलेलं म्हणजे पानठेला.

त्यासाठी एक वही कर. असाइनमेंटची नव्हे, स्वतःची. आठवड्याला एक पान. उजव्या बाजूला काय दिसलं ते जसंच्या तसं, डाव्या बाजूला त्या आठवड्यात शिकलेली एखादी संकल्पना, बसत असेल तर. बसत नसेल तर ‘बसत नाही’ असं लिही, ते पान जास्त कामाचं असतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत बघायला जा. काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे बाईचे मोठे पुतळे, आणि बडगे, म्हणजे टिंगलीचे बाप्ये पुतळे, मिरवणुकीनं निघतात, ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणून सगळी ईडापीडा तिच्या माथी मारून तिला जाळतात. आपण लहानपणापासून बघतो. यावेळी वही घेऊन बघ: खांदा कुणाचा, गल्ली कुठली, बाया कुठे उभ्या आहेत, गर्दीत की गच्चीवर, बडग्याच्या गळ्यातल्या पाटीवर यंदा कुणाचं नाव आहे, कुणाचं असायला हवं होतं पण नाही. दर्खाइमनं १९१२मध्ये सामूहिक उन्मेषाबद्दल लिहिलं, माणसं एकत्र जमून एकच कृती करू लागली की प्रत्येकाला स्वतःपेक्षा मोठं काहीतरी अंगात आल्यासारखं वाटतं. इतवारीत त्या दुपारी उभं राहिलं की हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही.

वहीचे फोटो मात्र मोबाईलमध्ये काढून ठेव. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९४८ साली म्हैसूरजवळच्या एका खेड्यात राहून टिपणं काढली. १९७० साली अमेरिकेत त्यांच्या खोलीला लागलेल्या आगीत ती जळाली, आणि शेवटी ते गावावरचं पुस्तक त्यांनी बरंचसं आठवणीतून लिहिलं. ते श्रीनिवास होते, त्यांना जमलं.

आणि एक सावधगिरी. एम.फिल.च्या वेळी मी उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत हातात फाइल घेऊन उत्पन्न विचारत फिरले. दोन आठवडे सगळ्यांनी इतकं कमी उत्पन्न सांगितलं की त्यात कुणी जगूच शकलं नसतं. शेवटी एका आजीनं विचारलं, ‘बाई, घरकुलाची यादी कधी लागते?’ त्या सगळ्यांना मी ऑफिसची बाई वाटले होते. दोन आठवड्यांचे फॉर्म रद्दीत गेले. तेव्हापासून फाइल नेत नाही, आधी आपण कोण ते सांगते, आणि उत्पन्न कधीच थेट विचारत नाही. किराणा किती दिवसांचा भरता, गॅस किती दिवस पुरतो, असं विचारते.

इंग्रजीचं म्हणशील तर तुझी अडचण खरी आहे, पण तू ती उलटी धरली आहेस. काही बाबतींत मराठीतून शिकणारी मुलगी पुढे आहे. इंग्रजीतल्या ‘कास्ट’ या एका शब्दात आपले वर्ण, जात, पोटजात सगळे कोंबलेले असतात. आपल्याकडे प्रत्येकाला वेगळा शब्द आहे. भावकी, सोयरीक, रोटीबेटी व्यवहार, बलुतं, हे शब्द इंग्रजीत नेताना त्यांची अर्धी हवा निघून जाते. त्रि. ना. आत्र्यांचा ‘गावगाडा’ १९१५चा आहे, मराठीत आहे, आणि गावातल्या देण्याघेण्याचं त्यातलं वर्णन वाचून तुला आजोबांचं बोलणं आठवेल.

खरी अडचण वेगळीच आहे. मराठी पाठ्यपुस्तकं एकाच संज्ञेला वेगवेगळे शब्द वापरतात. एकात ‘प्रमाणके’ तर दुसऱ्यात ‘मानदंड’, एकात ‘दर्जा’ तर दुसऱ्यात ‘स्थान’, आणि जर्मन समाजशास्त्रज्ञ वेबर याचा ‘दर्जा’ आणखी निराळा. पोरांना वाटतं या चार वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून वहीच्या मागच्या पानांवर तीन रकाने आख: मूळ इंग्रजी संज्ञा, तुझ्या पुस्तकातला मराठी शब्द, दुसऱ्या पुस्तकातला मराठी शब्द. पदवीपर्यंत शे-सव्वाशे संज्ञा होतील, त्यापेक्षा जास्त नाहीत. इंग्रजी वाचन मग हळूहळू सुरू कर. अकरावी-बारावीची एनसीईआरटीची समाजशास्त्राची पुस्तकं सोप्या भाषेत आहेत, हिंदीतही मिळतात. नागपूरकरांना हिंदीचं काय सांगावं! आधी हिंदीत धडा वाच, मग तोच इंग्रजीत. मराठी विश्वकोशातल्या नोंदीही फुकट वाचता येतात.

गाइड टाकून दे असं मी म्हणणार नाही. परीक्षेच्या आधी तीन दिवस ते उपयोगाचं असतं. पण वर्षभर तेवढंच खाल्लं तर तब्येत तशीच राहणार.

राहिलं वडिलांचं म्हणणं. त्यांना उडवून लावू नकोस, कारण नुसत्या बी.ए. समाजशास्त्रावर नोकरी मिळते असं मी म्हटलं तर ते खोटं ठरेल. पण ती नुसत्या बी.ए. राज्यशास्त्रावर किंवा इतिहासावरही मिळत नाही. विषय बदलून तो प्रश्न सुटत नाही, फक्त एक वर्ष पुढे ढकलला जातो. बदलता येतो की नाही, हेही तुझ्या कॉलेजचा नियम आणि जागा यांवर आहे. नव्या शैक्षणिक धोरणात मेजर-मायनर, म्हणजे मुख्य आणि दुय्यम विषय, आल्यापासून तर आधी ऑफिसात जाऊन विचार, मैत्रिणींना नको.

पुढचं तू काय होऊ पाहतेस त्यावर आहे. शाळेत शिक्षिका व्हायचं असेल तर लक्षात ठेव, दहावीपर्यंत इतिहास आणि भूगोल शिकवतात, समाजशास्त्र अकरावी-बारावीलाच येतं आणि तिथे एम.ए., बी.एड. दोन्ही लागतं. तेव्हा जोडीचा विषय भूगोल किंवा इतिहास असू दे. स्पर्धा परीक्षा डोक्यात असेल तर यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत समाजशास्त्र वैकल्पिक विषय घेता येतो, २५०-२५० मार्कांचे दोन पेपर, मराठीतूनही लिहिता येतात. पण त्या परीक्षेला किती वर्षं द्यायची हे आधीच घरात बसून ठरवा. माझ्या पाहण्यात यात सगळ्यात जास्त पोरं इथेच अडकून पडतात. प्राध्यापक व्हायचं असेल तर एम.ए.ला ५५ टक्के, राखीव प्रवर्गांना ५०, मग नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. आणि तरीही तासिका तत्त्वावरची माझ्यासारखी काही वर्षं धरून चाल. मला त्या नऊ वर्षांत घर चालवता आलं ते नवऱ्याच्या पगारावर, हे लपवण्यात अर्थ नाही.

वस्तीत, गावात जाऊन काम करायची आवड असेल तर एम.एस.डब्ल्यू.चा, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीचा विचार कर, नागपुरात त्याची जुनी कॉलेजं आहेत. पण समाजशास्त्र आणि समाजकार्य एक नव्हे. मदत पोचवायची कशी ते तिकडे शिकवतात, मदत त्याच घरी का पोचते आणि शेजारी का नाही ते इकडे. आणि पैशाच्या दृष्टीनं बघायचं तर माझ्या माजी विद्यार्थ्यांत लवकर कमावते झाले ते बहुतेक सर्वेक्षणाच्या कामातले. संस्थांना असा माणूस हवा असतो जो प्रश्नावली नीट बनवेल, लोकांशी नीट बोलेल आणि आलेली माहिती एक्सेलमध्ये भरून टक्केवारी काढेल. आपले विद्यार्थी आकड्यांना घाबरतात, म्हणूनच ज्याला ते येतं त्याला आधी बोलावणं येतं. मायनरला अर्थशास्त्र किंवा सांख्यिकी मिळत असेल तर घाबरत का होईना पण घे.

माझं मत विचारशील तर आणखी एक सत्र थांब. वही चालू करून एक सत्र दे आणि मग बदलायचं ते बदल. त्यानंतरही वर्गात जांभया येत असतील तर खुशाल बदल, काही बिघडत नाही. सगळ्यांनाच हा विषय आवडायला हवा असं थोडंच आहे.

दिवाळीत गावी जाशील तेव्हा आजीजवळ बस आणि तीन पिढ्यांचा तक्ता काढ. घरात आलेली प्रत्येक सून कुठल्या गावची, स्थळ कुणी आणलं, तिच्या माहेरच्या शेताचं काय झालं, आणि घरातून गेलेली प्रत्येक मुलगी कुठे दिली. तुझ्या पणजीचं माहेरचं नाव घरात किती जणांना आठवतं तेही विचार. माझ्या घरी विचारलं तेव्हा कुणालाच आठवलं नाही. शेवटी मामेआजोबांना फोन करावा लागला, आणि तेही बराच वेळ थांबून म्हणाले, ‘थांब, आठवून सांगतो.’